टपाल माफ

वडील तिकिटांना भोकं पाडायचे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, एकतीस वर्षं.
भोंगा झाला की फाटकाशी रांग :
डबा उघडा, टोपी झटका, खिसे उलटे.
एक तिकीट बाहेर येत नसे.
घरचं पत्र टाकायचं तर जेलरोडच्या पोस्टात
तेही खिडकीशी उभे, सुटे मोजत,
आणि घेतलेलं तिकीट उजेडाला धरून
त्याचे दात बघायचे.
"हे आमच्या पाळीतलं नाही," म्हणायचे,
आणि मग जीभ लावायचे.

मंदाताई मात्र पुण्याच्या वसतिगृहातून
फुकट लिहायची.
जाड बदामी कागद, लखोटा न चिकटवलेला,
वर बाईंच्या अक्षरात :
अंध साहित्य, टपाल माफ.
उघडा ठेवायचा हा नियमच होता,
कुणीही काढावं, कुणीही तपासावं.
पोस्टमन गायधनी आईला म्हणाला,
एवढं उघडं पत्र मी कधी वाटलं नाही वहिनी,
आणि एवढं बंदही.

रविवारी आम्ही ते उपनगरला न्यायचो,
औटे मास्तरांकडे. त्यांनाही दिसत नसे.
ते बोटांनी वाचायचे, आई पदर धरून ऐकायची,
आणि ताईचं सोळावं वर्ष
मास्तरांच्या घोगऱ्या आवाजात
खोलीभर फिरायचं.
कुठे कुठे ते खाकरून पुढची ओळ घ्यायचे.
उत्तरही तेच टोचून द्यायचे.

मी दहा वर्षांचा. एकदा त्या उत्तराच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं हळूच लिहिलं :
ताई, मास्तर सगळं मोठ्यानं वाचतात. गुपित लिहू नकोस.

तेवढ्या एका ओळीनं माफी गेली.
डोळ्यांनी वाचायचं अक्षर आत सापडलं
म्हणून पत्र नॉटपेड झालं, दुप्पट आकार,
तो ताईनं भरला,
रेडिओच्या सेलसाठी साठवलेल्या पैशांतून,
आणि ओळ वाचून दाखवली रेक्टरबाईंनी
जेवणाच्या हॉलमध्ये.

पुढच्या रविवारी मास्तरांचं बोट थांबलं.
मग ते वाचत गेले, एकेक शब्द सुटा :
"बाळूची ओळ पोचली.
साऱ्या वसतिगृहाला पोचली.
मास्तरांना माझा नमस्कार."
खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं.
मास्तर म्हणाले, चहा टाकतो.

त्या महिन्यात वडिलांनी पाटी आणि टोच्या आणला.
उजवीकडून डावीकडे टोचायचं, उलटं,
म्हणजे कागद पालटला की सुलटं लागतं.
भोकांचा माणूस, जोर आवरेना.
पहिले कितीतरी कागद आरपार गेले.
"इथं फाडायचं नसतं," ते स्वतःलाच सांगायचे,
"नुसतं उठवायचं."
जेवणाच्या सुट्टीतही यंत्रामागे बसून सराव.

आणि एका संध्याकाळी फाटकाशी
हवालदार सरोदेंना डब्यात घडी सापडली.
"निवृत्ती, हे काय? भोकं?"
रांग थांबली. साहेब आले.
साहेबांनी कागद दिव्यासमोर धरला.
उजेड कुठूनच आला नाही.
"वाचा," साहेब म्हणाले.

वडिलांनी डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती,
सरोदे नंतर घरी येऊन सांगत होते,
पण मिटले.
मागे अख्खी पाळी डबे घेऊन उभी,
आणि हे बोट सरकवत, अडखळत :
मंदा. मी दादा. मीच लिहितो.
आई बरी आहे. आता मास्तर नकोत.
जे वाटेल ते लिही.

"मंदा" चुकलं होतं. "नंदा" लागत होतं.
ते तिथंच, फाटकात, सरोदेंच्या टेबलावर
दुरुस्त केलं त्यांनी.

सकाळी जेलरोडला मीही सोबत होतो.
कारकुनानं लखोटा चाचपला, आत डोकावला,
म्हणाला, याला तिकीट नको.
वडील "हो, माहितीये" म्हणाले
आणि तरी खिडकीशी उभेच राहिले,
मुठीत सुटे,
मागचा माणूस खाकरेपर्यंत.